साखर उतरली म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सोडायची?

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘मधुमेहात कोलेस्टेरॉल वाढतं ते साखरेमुळेच. साखर आटोक्यात आणा, ते आपोआप उतरेल. एलडीएल शंभर-सव्वाशे असेल तर गोळी कशाला? उलट त्या गोळीनेच साखर वाढते.’ इथे गोळी म्हणजे स्टॅटिन, एलडीएल हे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध. मजकुरातलं काही खरं आहे, आणि फसगत होते ती त्यामुळेच.

‘साखर उतरली की कोलेस्टेरॉल उतरतं.’ उतरतात ती मुख्यतः ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी. इन्शुलिन कमी पडलं, किंवा असूनही त्याला शरीर दाद देत नसलं, की चरबीच्या पेशींतून फॅटी ॲसिड सुटत राहतात. यकृत त्यांची ट्रायग्लिसराइड्स बनवतं आणि व्हीएलडीएल या चरबी वाहून नेणाऱ्या कणांत भरून रक्तात सोडतं. ती रक्तातून उचलायला मदत करणारं लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइमही मंदावतं. आवक वाढलेली, उचल घटलेली. साखर सुधारली की दोन्ही सावरतात. एलडीएल मात्र फारसं हलत नाही.

समजा, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) १० असताना रिपोर्ट असा आहे: एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३५, ट्रायग्लिसराइड ३००. बहुतेक लॅब एलडीएल हिशेबाने काढतात: एकूणातून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग (व्हीएलडीएलमधल्या कोलेस्टेरॉलचा अंदाज) वजा. २१० – ३५ – ६० = ११५. काही महिन्यांनी एचबीए१सी ७ वर आलं. एकूण १८६, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड १६०. एकूण आकडा २४ ने उतरला म्हणून घरात आनंद. आता एलडीएल काढा: १८६ – ३८ – ३२ = ११६. जिथे होतं तिथेच! घट झाली ती व्हीएलडीएलच्या खात्यात. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही, एलडीएल थेट मोजून घ्यावं.)

‘एलडीएल शंभर-सव्वाशे म्हणजे नॉर्मल.’ रिपोर्टवर छापलेली नॉर्मलची मर्यादा मधुमेहींसाठी ठरवलेली नसते. शिवाय ट्रायग्लिसराइड जास्त असलं की एलडीएलचे कण लहान आणि घट्ट होतात. प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी, म्हणून तेवढ्याच आकड्यात कणांची संख्या जास्त आणि धोकाही जास्त. म्हणून एकूणातून एचडीएल वजा करून येणारं नॉन-एचडीएल पाहावं. वरच्या उदाहरणात ते १७५ वरून १४८ वर आलं: सुधारणा खरी, पण अपुरी. अमेरिकन डायबेटीस असोसिएशनच्या शिफारशीनुसार ४० ते ७५ वयाच्या मधुमेहींना हृदयविकार नसला तरी मध्यम ताकदीचं स्टॅटिन द्यावं. धोका वाढवणारं आणखी काही असेल तर एलडीएल ७० च्या खाली, हृदयविकार असेल तर ५५ च्या खाली. नॉन-एचडीएलचं लक्ष्य त्याहून ३० ने वर धरतात.

‘कार्ड्स’ ही २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी नेमकी याच प्रश्नावरची: टाइप २ मधुमेहाचे २,८३८ रुग्ण, हृदयविकाराचा इतिहास नाही, एलडीएल सरासरी ११८ च्या आसपास. ॲटोर्वास्टॅटिन १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत हृदयविकार-पक्षाघाताचे मोठे प्रसंग ३७ टक्क्यांनी कमी झाले. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी दोन वर्षं आधीच थांबवली.

‘गोळीने साखर वाढते.’ वाढते, पण किंचित. २०१० च्या एका मोठ्या विश्लेषणात २५५ जणांनी चार वर्षं स्टॅटिन घेतल्यावर मधुमेहाचा एक जादा रुग्ण निघाला. ज्याला मधुमेह आहेच, त्याने एवढ्यासाठी गोळी सोडणं म्हणजे चिल्लर वाचवायला नोट फेकणं. सोडल्यावर काही आठवड्यांत एलडीएल पूर्वीच्या जागी येतं, आणि दुखत-खुपत काहीच नसल्याने ते कळतही नाही. स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगून सीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्तचाचणी) आणि थायरॉइड तपासावं. मात्रा किंवा औषध बदलता येतं. गरोदरपणाचा विचार असेल तर मात्र गोळीबद्दल आधीच बोलावं.

साखर आधी आटोक्यात आणायची वेळ येते ती ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेल्यावर. तिथे स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका वाढत जातो, हजारापुढे तर फारच. तेव्हा साखर तातडीने उतरवणं, दारू पूर्ण बंद, मैदा-साबुदाणा-गोड बंद आणि थायरॉइड, मूत्रपिंड, स्टेरॉइड यांची चौकशी. तिथेही स्टॅटिन परस्पर बंद करायचं नसतं. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड पुन्हा तपासावं.