जॉश अ‍ॅलनला तारे का नव्हते? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणून उत्तराला दोन दिवस लागले. अमेरिकेत शाळेतल्या फुटबॉलपटूंना (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) पाचपर्यंत तारे देऊन त्यांचं मानांकन करणाऱ्या संकेतस्थळांची मी मागच्या लेखात बाजू घेतली. तुमच्या मते हा सगळा ‘ज्योतिषाचा धंदा’ आहे. पुरावा म्हणून तुम्ही शाळेत तारे कमी किंवा नसूनही पुढे एनएफएलमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) गाजलेल्या तिघांची नावं दिलीत: जॉश अ‍ॅलन, जे. जे. वॉट आणि पॅट्रिक महोम्स. शिवाय जाता जाता टोला, ‘बोर्डात आलेली मुलं पुढे कुठे दिसतात?’

आधी तुमची नावं बघू. अ‍ॅलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या शेतीवर जगणाऱ्या छोट्या गावचा. शाळा संपली तेव्हा पहिल्या श्रेणीतल्या एकाही कॉलेजने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तो रीडलीच्या कम्युनिटी कॉलेजात गेला, तिथून वायोमिंगच्या विद्यापीठात, आणि २०१८च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (संघ कॉलेजातले खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) सातवा निवडला गेला. इथे परीक्षक चुकले म्हणण्यापेक्षा पेपर त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, असं म्हणेन. वॉटची गोष्ट वेगळी. त्याला दोन तारे मिळाले ते टाइट एंड म्हणून, चेंडू झेलणारा आणि अडवणारा गडी म्हणून. तो सेंट्रल मिशिगन हे कॉलेज सोडून विस्कॉन्सिनच्या कॉलेजात शिष्यवृत्तीविना दाखल झाला, बचावफळीत गेला आणि मग आज माहीत असलेला वॉट झाला. ज्या कामासाठी तो प्रसिद्ध आहे, त्या कामाचे तारे त्याला कोणी दिलेच नव्हते. महोम्सला तीन तारे होते. त्याचे वडील व्यावसायिक बेसबॉलमधले पिचर, आणि खुद्द त्यालाही २०१४ मध्ये डेट्रॉइट टायगर्सने बेसबॉलसाठी निवडलं होतं. हा पोरगा नक्की कुठला खेळ खेळणार, याचीच खात्री नव्हती. आणि तीन तारे म्हणजे नापास नव्हे हो! मोठ्या कॉलेजात खेळायच्या लायकीचा, असा त्याचा अर्थ.

आता खरा मुद्दा. पाच तारे दरवर्षी तीसेक मुलांना मिळतात. ‘२४७स्पोर्ट्स’ हे तारे देणारं संकेतस्थळ तर मुद्दाम ३२ च्या आसपास थांबतं, कारण ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात. तीन ताऱ्यांची मुलं मात्र दरवर्षी हजाराच्या वर. ढोबळमानाने पंचतारांकितांपैकी निम्मे एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये निवडले जातात, तीन ताऱ्यांपैकी वीसात एखादा. पण हजारांतले पाच टक्के म्हणजे पन्नास, आणि तिसातले निम्मे म्हणजे पंधरा. म्हणून टीव्हीवर बघाल तर तीन तारेवालेच जास्त दिसणार, आणि तारे खोटे वाटणार. तुमच्या बोर्डातल्या मुलांचंही तेच. गुणवत्ता यादीत मुलं मूठभर, बाहेर लाखो.

एका बाबतीत मात्र तुम्ही बरोबर आहात आणि मी मागच्या लेखात ते सरळ टाळलं होतं. अलाबामासारख्या बलाढ्य कॉलेजने एखाद्या मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली की त्याचे तारे वाढतात, हा तुमचा आरोप अगदीच हवेतला नाही. मानांकन करणारे मुलाच्या सामन्यांच्या चित्रफिती बघतात, शिबिरांत त्याची उंची-वजन-वेग मोजतात, आणि कोणकोणत्या कॉलेजांनी बोलावलंय तेही बघतात. बोर्डाचा परीक्षक सीओईपीने कोणाला प्रवेश दिला ते बघून पेपर तपासत नाही; इथे काही प्रमाणात तसंच होतं. मग ‘अलाबामाकडे सर्वाधिक तारे, म्हणून अलाबामा जिंकते’ हे वाक्य काही अंशी स्वतःभोवतीच फिरतं. अलाबामाचे तेव्हाचे प्रशिक्षक निक सेबन यांची नजर चांगली होती, आणि तारे त्याच नजरेची नक्कल करत होते, असंही म्हणता येईल. त्यात ही संकेतस्थळं चालतात एकेका कॉलेजच्या चाहत्यांच्या वर्गणीवर. आपल्या कॉलेजने घेतलेला पोरगा हिराच आहे हे वाचायला चाहत्याला आवडतं. धंदा आहेच.

खरं तर तुमच्या बाजूचं सगळ्यात जोरदार उदाहरण तुमच्या नजरेतून सुटलं. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) क्विन यूअर्स. तारे देणाऱ्या सगळ्या संस्थांचे आकडे एकत्र करून ‘२४७स्पोर्ट्स’ शून्य ते एक असा गुणांक काढतं, दशांशाच्या चार स्थळांपर्यंत. यूअर्सचा होता १.००००. पैकीच्या पैकी. २०२५च्या ड्राफ्टमध्ये तो थेट सातव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत गेला. पण विन्स यंग या क्वार्टरबॅकचा गुणांकही १.०००० च, आणि त्याने टेक्सस विद्यापीठाला २००५च्या मोसमाचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. सतरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यात आणि डोक्यात पुढे काय होणार, हे चौथ्या दशांशात मावत नाही.

टेक्सस ए अँड एम या कॉलेजबद्दलही विचारलंत. २०२२ मध्ये त्यांनी ताऱ्यांच्या हिशोबात देशातली पहिल्या क्रमांकाची भरती केली आणि त्याच मोसमात ५ जिंकून ७ हरले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रशिक्षक जिंबो फिशर घरी. त्या भरतीतली बरीच मुलं दुसऱ्या कॉलेजांत निघूनही गेली. यावर माझ्याकडे बचाव नाही.

मागच्या लेखातलं ‘तारे खोटं बोलत नाहीत’ हे वाक्य आज काढून टाकलंय. त्या जागी पाच आणि तीन ताऱ्यांच्या मुलांचं वरचं गणित घातलंय. त्यात काही चुकलं असेल तर तेही कळवा.