गुळाचा खडा आणि अर्धा तास

लालबागच्या नाक्यावरील आमच्या कट्ट्यावर त्या संध्याकाळी कारखान्यांतील बारा तासांच्या पाळीचा विषय निघणार हे उघड होते, कारण राज्य मंत्रिमंडळाने 3 सप्टेंबर 2025 रोजी त्याला मान्यता दिल्यापासून दुसरे काही बोललेच जात नव्हते. वादाला तोंड फोडले ते सुधीरच्या वहीने. सुधीर एका खासगी कंपनीत एचआरचा साहेब आहे आणि रोज रात्री तो त्या वहीत दिवसभरातील तीन आनंद लिहितो. आनंद कामाच्या तासांवर नव्हे तर माणसाच्या दृष्टीवर अवलंबून असतो, लोकांना छोट्या गोष्टींची चव घेता येत नाही आणि मग ते सरकारला दोष देतात, असे त्याने उभे राहून, हातवारे करीत सांगितले. मध्येच त्याच्या मोबाइलवर ‘दीर्घ श्वास घ्या’ अशी सूचना वाजली, तेव्हा त्याने आम्हा सर्वांना हाताने थांबवून डोळे मिटले आणि खरोखरच दीर्घ श्वास घेतला.

गणिताचा मास्तर असलेला विजू तेवढीच वाट पाहत होता. “जागतिक आनंद अहवालात फिनलंड 2018 पासून पहिला आहे आणि 2025 च्या यादीत 147 देशांत आपण 118 वे आहोत,” तो म्हणाला. “तिथे कोणी तुझी वही तपासत नाही. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा, सर्वांत वर तुमच्या लेखी उत्तम आयुष्य आणि तळाशी सर्वांत वाईट, आता तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात ते सांगा, एवढेच विचारतात. वरची पायरी कोणी मागू नये म्हणून खालच्या पायरीवर गुळाचा खडा ठेवायचा, ही जुनी युक्ती तुमच्यासारखे साहेब करतात.”

टाळ्या पडल्या असत्या, पण शुभांगीने त्याला तिथेच अडवले. ती रुग्णालयात परिचारिका आहे आणि नुकतीच कामावरून परतली होती. “विजू, गुळाच्या खड्याला नावे ठेवू नकोस. रातपाळी करून मी घरी येते तेव्हा मुले शाळेत गेलेली असतात. खिडकीत बसून एक कप चहा मी गरम असतानाच शेवटपर्यंत पिते. दिवसभरात तेवढाच चहा माझा असतो आणि त्यात कोणाची युक्ती नाही. मात्र पुढच्या पाळीची रिलीव्हर उशिरा आली की तो जातो. सुधीर, न प्यायलेला चहा तुझ्या वहीत कुठे लिहितोस?”

मला वाटते, प्रश्नाचे मर्म तिने तिथेच सांगितले होते. उतरत्या उन्हात दारात निवडलेली मेथी, गाडी फलाटावर येईपर्यंत वाचलेले अर्धे पान, घरी जाताना थांबून विकत घेतलेला मोगऱ्याचा गजरा, या गोष्टी क्षुल्लक नाहीत आणि कोणाची समजूत घालण्यासाठी दिलेल्याही नाहीत. आयुष्याचा मोठा भाग त्यांचाच बनलेला असतो. परंतु गजऱ्यासाठी थांबणाऱ्या बाईच्या हातात ती दोन मिनिटे असावी लागतात, आणि ती कोणाच्या हिशेबातून येतात हे विचारल्याखेरीज आनंदावरचा उपदेश मला पोकळ वाटतो.

सुधीरने आठवड्याची अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा बदललेली नाही आणि कामगाराची लेखी संमती लागणार आहे, हे निदर्शनास आणले. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. “संमतीची सही ज्या टेबलावर होते, त्याच्या पलीकडच्या खुर्चीत तू बसतोस,” शुभांगी एवढेच म्हणाली.

तोपर्यंत गप्प असलेल्या शंकरमामांनी तेव्हा तोंड उघडले. मामांनी कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम केले आहे आणि त्यांच्या वाक्याला मध्येच तोडण्याची आमच्यात रीत नाही. “बारा तासांचे सगळे बोलतात, पाच तासांनी मिळणारी विश्रांती आता सहा तासांनी मिळणार, हे कोणी वाचले का? कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांच्या वतीने ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी होती, सकाळी साडेसहाला सुरू झालेले काम सूर्यास्ताला थांबावे हे होते, पगार पंधरा तारखेच्या आत व्हावा हे होते आणि दुपारी अर्धा तास मोकळा मिळावा हेही होते. रविवार मिळायला 10 जून 1890 उजाडला. विजू, तुझ्या त्या पायरीवर गुळाचा खडा कोणी ठेवला नव्हता. आमच्या माणसांनी तो भांडून घेतला.”

मग मामा त्या अर्ध्या तासाविषयी बोलत राहिले. खात्यात यंत्रांच्या आवाजामुळे शेजारच्याशी खुणांनी बोलावे लागे, त्यामुळे डबा उघडल्यावरच माणसाचा आवाज नीट कानावर पडे. मालवणकडच्याच्या डब्यात सुक्या बांगड्याची चटणी असे, घाटावरच्याच्या डब्यात ठेचा असे, बिऱ्हाड गावी असलेल्यांचा डबा खानावळीतल्या बाईंकडून येई, आणि जेवण संपेपर्यंत कोणाच्या डब्यात मुळात काय होते हे सांगता येत नसे. विजूने काहीशा नाइलाजाने कबूल केले की, 2025 च्या त्याच अहवालात गेल्या सात दिवसांत किती जेवणे ओळखीच्या माणसांसोबत झाली हेही विचारलेले आहे आणि एकत्र जेवणाऱ्यांचे समाधान अधिक आढळले आहे. “म्हणजे तुझ्या अहवालातले निम्मे काम लोखंड्यांनी आधीच केले होते,” मामा म्हणाले.

सुधीरला इथे आपलाच मुद्दा सिद्ध झाल्यासारखे वाटले. “मी तेच म्हणतो, मामा. चाळीत लोक गरीब होते, पण सुखी होते.”

“गरीब होतो पण सुखी होतो, हे वाक्य गरिबी संपल्यावरच सुचते,” मामा शांतपणे म्हणाले. “तुझी आजी पहाटे चारला नळावर रांग लावत असे, तिने ते कधी म्हटल्याचे मला आठवत नाही. डब्यातला आनंद खरा होता. तो खरा होता म्हणून आमची मोरी चांगली ठरत नाही. आणि नुसत्या वेळेनेही भागत नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर आमच्याकडे वेळच वेळ होता. पण संध्याकाळी चूल पेटेल की नाही हे ठाऊक नसताना मोकळा वेळ अंगावर येतो. पोटाची हमी आणि हातात थोडा वेळ, एवढे दिलेत तर चव कशी घ्यायची हे शिकवायला साहेबाची गरज नाही.”

सुधीर दुखावला आणि दुखावलेला माणूस जुने उकरून काढतो तसे त्याने थेट विजूवर घसरत शाळेच्या मैदानावरील टेनिस बॉल स्पर्धेची आठवण काढली. अंतिम सामन्यात आपल्या गोलंदाजीवर सरळ हातात आलेला झेल विजूने सोडला, कारण त्या क्षणी तो सीमारेषेपलीकडे तळल्या जाणाऱ्या वड्यांकडे पाहत होता, आणि असा माणूस आज छोट्या आनंदांना युक्ती म्हणतो, असा त्याचा आरोप होता. विजूने वड्यांचा वास आल्याचे मान्य केले, झेल सोपा असल्याचे मात्र साफ नाकारले.

“पहिला सामना किती वाजता सुरू झाला होता?” मामांनी विचारले.

“सकाळी आठला,” सुधीर म्हणाला.

“आणि झेल?”

“दीडला.”

“साडेपाच तास झाले होते की! जुन्या कायद्याप्रमाणे त्याची विश्रांती अर्धा तास थकली होती, ती त्याने झेलाच्या वेळी घेतली,” मामा म्हणाले आणि सर्वांत मोठ्याने सुधीरच हसला. त्यानंतर त्या स्पर्धेतले वडे शेवटी कोणाच्या पैशांनी खाल्ले गेले, यावर असा काही गोंधळ माजला की बारा तास, शिडी आणि वही हे सारे त्यात बुडून गेले.