‘काय बी आणू नको’ म्हणणाऱ्यांसाठी दिवाळीची खरेदी

दिवाळीची खरेदी टेन्शन न घेता करता येते, यावर माझा ठाम विश्वास आहे. मला तीन बहिणी. अक्का मोठी, बाकी दोघी पाठीवरच्या. एक अहमदपूरला दिली, एक परळीला, एक थेट परभणीला. शिवाय दोन मेव्हण्या, एक आत्या आणि बायको घरातलीच. एवढ्यांची खरेदी मी दर वर्षी लातुरात करतो आणि अजून हिंडताफिरता आहे. तेव्हा माझं ऐका.

सगळ्यात आधी यादी करा. वहीत नको, मोबाइलमध्ये करा, म्हणजे दुकानात ऐन वेळी बॅटरी संपली की मोकळ्या मनानं खरेदी करता येते. यादी करताना कोणाला काय आवडतं याचा विचार चुकूनही करू नका. आपल्याकडे आवडीपोटी काही देत नाहीत, नाव ठेवायला जागा राहू नये म्हणून देतात. ‘तिला निळा रंग आवडतो’ ही माहिती बिनकामाची. ‘मागच्या दिवाळीत तिच्या जावेला माहेरून काय आलं’ ही माहिती लाखमोलाची. ती आईकडून काढून घ्या. आईला स्वतःचा चष्मा कुठं ठेवलाय ते आठवत नाही, पण १९९४ साली कोणत्या मामीनं जुनंच पातळ इस्त्री करून गळ्यात मारलं, ते पातळाच्या काठासकट आठवतं.

मग बजेट. पुण्या-मुंबईचे जाणते सांगतात की दिवाळीच्या तीन महिने आधीपासून थोडे थोडे पैसे बाजूला काढावेत. सल्ला चांगलाच आहे. दिवाळीच्या तीन महिने आधी आपल्याकडे सोयाबीन फुलात असतं, फवारणीच्या औषधाची उधारी कृषी केंद्राच्या वहीत असते, आणि बाजूला काढायला रानात फक्त तण असतं.

खरं म्हणजे मराठवाड्यात दिवाळीचं बजेट माणूस ठरवतच नाही. ते ओलावा मोजायचं यंत्र ठरवतं. मूठभर सोयाबीन त्यात टाकतात, आकडा येतो आणि घरात कोणाला काय मिळणार याचा निकाल लागतो. हमीभावानं घालायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत पाहिजे. २०२५-२६ला हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि तो पाठ असणं वेगळं, हातात पडणं वेगळं. २०२४ साली सरकारला दया आली आणि १५ टक्क्यांपर्यंतचा माल चालेल म्हणाले. ते नोव्हेंबरच्या मध्यावर. तोवर दारचे आकाशकंदील उतरले होते आणि माल मोंढ्यात मिळेल त्या भावानं जाऊन भाऊबीजही झाली होती. २०२५च्या सप्टेंबरात तर रानाचं तळंच झालं. तिथं ओलावा बघायला यंत्र कशाला, डोळे पुरत होते. तर बजेट असं करा: यंत्र १२ म्हणालं तर साड्या, १४ म्हणालं तर ड्रेसपीस, आणि १८ म्हणालं तर ‘औंदा देण्याघेण्याचं राहू द्या, लेकरंबाळं घेऊन या, त्यात सगळं आलं’. पगारवाल्यांना ही अडचण नाही. त्यांच्याकडे पैसे ठरल्या तारखेला येतात, त्यामुळे उसने मागायला येणाऱ्यांनाही तारीख माहीत असते.

आता बहिणींना फोन लावा.

“अक्के, दिवाळीला काय घिऊ तुला?”

“काय बी आणू नको बाबू. कपाटात ढीग पडलाय साड्यांचा. कशाला उगं खर्च करायलास? तू मुळाला, न्यायला आलास, समदं आलं.”

इथं नवशिक्या भावाचा गळा दाटून येतो. तुम्ही तो दाटू देऊ नका, फोन कानाला तसाच धरून ठेवा. खरा फोन अजून सुरू व्हायचाय. सोयाबीन किती झालं, आईचे गुडघे, कोणाच्या तरी पोरीचं जमलं, असं फिरून फिरून, अगदी ठेवता ठेवता विचारलं जातं, “बरं, मधलीला काय घ्यायलास?”

मधलीला लावा. तिलाही काही नको असतं. “मला कशाचं काय बाई. अक्काला मागल्या खेपेला काठपदराची घेतली होती म्हणं. मला दाखवली बी नाही तिनं.” धाकटी तर सरळच बोलते, “दादा, काय बी नको. फक्त मागच्यासारखी नको.” या ‘काय बी नको’चा अर्थ लावायला मला दहा वर्षं लागली. फुकटात सांगतो: काही मागितलं असं व्हायला नको, आणि तुम्ही न मागता बरोब्बर तेच आणायला पाहिजे.

यानंतर गंजगोलाईला जा. मधे जगदंबेचं देऊळ, गोल इमारत आणि तिला चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते. गाडी कुठं लावू, हा प्रश्न इथं १६ ठिकाणी विचारता येतो आणि १६ ठिकाणी एकच उत्तर मिळतं. देवीला लांबूनच हात जोडा आणि साडीच्या दुकानात शिरा.

चपला काढून गादीवर बसायचं. समोरचा पोरगा विचारतो, “दादा, काय रेंज दाखवू?” खरी रेंज कधी सांगू नका. थोडी खाली सांगा. तो तुमच्याकडे न बघता बायकोकडे बघतो आणि थोडी वरची काढतो. त्याला कळतं. मी मुद्दाम बायकोला नेतो, म्हणजे पुढं काही बिघडलंच तर ‘तुमच्या वहिनीनं काढली’ असं म्हणता येतं. टेन्शनमुक्त खरेदीत ही गोष्ट मोठ्या कामाची आहे, लिहून ठेवा. बायको साडी अंगठा आणि बोटात धरून चोळते, पदर ट्यूबलाइटकडे करते, काठाची जर नखानं खरवडून बघते आणि म्हणते, “दुसरं दाखवा.” पोरगा दुसरं दाखवतो. मागच्या वर्षी मी नुसतं मोजत बसलो होतो. ४३ साड्या उलगडल्या त्यानं. प्रत्येक वेळी हाताला एकच झटका, की साडी पाण्यासारखी गादीवर पसरायची. चव्वेचाळिसाव्याला बायको म्हणाली, “ती पहिली कुठं गेली?” ती सगळ्यांत खाली होती. पोरगा हसला. त्याची दिवाळी कधी असते, हे मी विचारलं नाही. त्यानं उगाच टेन्शन आलं असतं.

तीन बहिणींच्या तीन साड्यांचं गणित अवघड आहे. किंमत सारखी हवी, पण साडी सारखी नको. एका वर्षी मी डोकं लढवून तिघींना एकाच डिझाइनच्या घेतल्या, रंगसुद्धा एकच. भांडणाला जागाच ठेवली नाही. मधली म्हणाली, “आमी काय बँडवाले हाव का?” पुढच्या वर्षी वेगवेगळ्या घेतल्या. अक्का एक शब्द बोलली नाही. तिनं फक्त धाकटीची साडी घडीवरच हातात घेतली, वजन केल्यासारखी वरखाली केली आणि ठेवून दिली. ते दोन सेकंद मला सात-बारावर बोजा चढल्यासारखे वाटले. तेव्हापासून मी किमतीचं लेबल काढायला विसरतो. तिन्ही साड्यांचं विसरतो. लोकांना तो गबाळेपणा वाटतो, पण तो लेखी पुरावा असतो.

ब्लाउजची काळजी करायची नाही. दसरा झाला की शिंपी मान वर न करता सांगतो, “आता दिवाळीनंतर.” म्हणजे दिवाळीला घेतलेली साडी दिवाळीला कोणी नेसतच नाही. नाव ठेवणं तेवढंच पुढं ढकललं जातं.

दाजींचं सोपं असतं. पँटपीस-शर्टपीस, टॉवेल-टोपी, मिटला विषय. माझ्या थोरल्या दाजींकडे न शिवलेले एवढे पीस आहेत की त्यांनी दुकान टाकलं तर मीच गिऱ्हाईक होईन. फक्त अधिक महिना कधी येतो तेवढं बघत जा. धोंड्याच्या महिन्यात जावयाला पुन्हा बोलवावं लागतं, जेवू घालावं लागतं आणि ताटात ३३ अनारसे मोजून ठेवावे लागतात. २०२३ला अधिक श्रावण होता, २०२६ला अधिक ज्येष्ठ. साधारण पावणेतीन वर्षांनी पंचांग जावयाच्या बाजूनं निकाल देतं.

बाहेरगावी गेलेल्या मित्रांचं वेगळंच असतं. “अरे, तिकडून येताना एक पैठणी आण ना बायकोला. तुमच्या पैठणचीच, तुम्हाला काय, स्वस्तात मिळत असेल.” त्याला नीट समजावून सांगा. हातमागावरची असली पैठणी विणायला कित्येक आठवडे जातात, पदर भरगच्च असला तर महिनोन् महिने. येवला-पैठणच्या पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. खरी असली तर पदर उलटा करून बघायचा, मागच्या बाजूलाही नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागं सुटे धागे लोंबत असले तर ती यंत्रावरची. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर मित्र म्हणतो, “तसली सेमीच आण, हजार-बाराशेत बसव.” पूर्वी मी असं सांगणाऱ्याला आपल्या मराठवाड्यातली नक्षीदार हिमरू शाल नेऊन दिली होती. त्यानं ती सोफ्यावर टाकलीय.

देण्याघेण्यात आयकराचंही टेन्शन नको. मित्रांकडून आणि परक्यांकडून वर्षभरात आलेल्या भेटी ५०,००० रुपयांच्या वर गेल्या तर कर लागतो, पण जवळच्या नातेवाइकांकडून आलेल्या भेटीवर लागत नाही. सरकारलाही कळलंय, की ही कमाई नाही, फिटंफाट आहे. या नातेवाइकांच्या व्याख्येत बहीण येते, दाजी येतात, मेव्हणी येते, साडूसुद्धा येतो. चुलतभाऊ मात्र येत नाही. कायदा लिहिणाऱ्याची भावकी कुठं होती माहीत नाही, पण बांधाचा अनुभव दांडगा असणार.

एवढं सगळं केलंत की तुमची दिवाळी निवांत. माझी मागची अशीच निवांत गेली. तिघी बहिणी आल्या, ओवाळलं, साड्या दिल्या. तिघी म्हणाल्या, “कशाला एवढी भारी आणलास?” आणि लगेच तिघींनी पदराच्या टोकाला लेबल शोधलं. रात्री आई हळूच माझ्या खाटेपाशी आली. “बदलून देतो का रं दुकानवाला?”

दुकानात ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी होती. त्या पाटीखालीच भाऊबीजेनंतरच्या चौथ्या दिवशी गादी भरून बायका बसल्या होत्या, त्यात आमच्या तिघी. मालकानं चहा सांगितला. पोरगा तोच. उलगडायला घेतलं तेव्हा अक्काच्या लक्षात आलं, की मधलीला नको असलेला जांभळा रंग आपल्याकडे नाही. मधलीला धाकटीची आवडली. धाकटीनं अक्काची घडी आधीच मांडीवर घेतली होती. मालकानं तिन्ही लेबलं बघितली, कॅल्क्युलेटरवर बोटं फिरवली आणि म्हणाला, “फरक काहीच नाही निघत, दादा.”

हेच घरच्या ओसरीवर झालं असतं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. बायकोनं कोपरानं ढोसलं म्हणून गप्प बसलो. पार्किंगवाल्याचे २० रुपये हातात काढून ठेवले आणि उठलो. तिघी चपला घालायला निघाल्या, आई सगळ्यांत पुढं. तेवढ्यात आत्यानं, जिला मी यादीतून विसरलो होतो आणि जी नुसती सोबत म्हणून आली होती, काचेकडे बोट केलं.

“ती हिरवी हाय ना पुतळ्याला नेसवलेली, ती दाखव रं पोरा. घ्यायची नाही, उगं बघायली.”

पोरगा पुतळ्याची साडी सोडायला लागला. मी परत चपला काढल्या.