हसवणारा आणि रडणारा माणूस एकच हवा

मराठीत घरगुती विनोदी मालिका का उरली नाही, हा वाद तिकडे महाराष्ट्रात दर दोन-चार महिन्यांनी उकरला जातो. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ची आठवण निघते, उसासे टाकले जातात. एक गट म्हणतो, प्रेक्षकांनाच कटकारस्थानं हवीत. दुसरा म्हणतो, लिहिणारे आटले. मग आम्ही अमेरिकेत राहणारी मंडळी मध्ये तोंड घालतो: इथे बघा, गर्भपातापासून पोलिसी हिंसेपर्यंत सगळं हसतखेळत दाखवतात, तुमची हिंमतच होत नाही. तिन्हींत उथळ मत हे तिसरं, आणि ते आमचं आहे.

हिंमतीचं म्हणाल तर ‘मॉड’ या अमेरिकन विनोदी मालिकेत १९७२ साली ४७ वर्षांची नायिका गर्भपाताचा निर्णय घेते आणि शेवटपर्यंत बदलत नाही. गर्भपाताला देशभर मुभा देणारा इथल्या सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यानंतर, १९७३च्या जानेवारीत आला. पण तेव्हाही काही स्थानिक केंद्रांनी ते भाग दाखवायला नकार दिला होता. अलीकडचं उदाहरण ‘ब्लॅक-इश’ या विनोदी मालिकेचं. बाप तान्ह्या मुलाला झोपवताना गोष्ट सांगता सांगता देशाच्या राजकारणावर घसरतो, असा एक भाग होता. २०१८ मध्ये तो तयार असूनही एबीसी वाहिनीने दाबून ठेवला. प्रेक्षकांना दिसला तो ऑगस्ट २०२० मध्ये, हुलू या स्ट्रीमिंग सेवेवर. वाहिन्या इथेही घाबरतात. तेव्हा फरक हिंमतीचा नाही, हिशेबाचा आहे.

जुन्या पद्धतीच्या अमेरिकन सिटकॉमचा, म्हणजे विनोदी मालिकेचा, भाग जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटांचा, आणि वर्षाला भाग साधारण २२. म्हणजे वर्षभरात आठ तासांचा ऐवज. मराठी दैनंदिन मालिकेचा भागही जवळपास तेवढाच, पण आठवड्याला सहा. वर्षाचे होतात ३१२ भाग, ११४ तास. दर आठवड्याला एक अख्खा सिनेमा, तोही गुरुवारी येणाऱ्या टीआरपीकडे डोळे लावून. ‘टिपरे’ आठवड्यातून एकदाच यायची, हे उसासे टाकताना कुणी सांगत नाही.

त्या जास्तीच्या वेळेत इथे काय होतं? पहिल्या दिवशी सगळे नट टेबलाभोवती बसून संहिता वाचतात. लेखकांचा ताफा कोपऱ्यात बसून कुठे हशा आला, कुठे नाही, यावर खुणा करतो आणि रात्रीत पानं बदलतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तालमी होतात, पुन्हा पानं बदलतात. चौथ्या दिवशी कॅमेऱ्यांच्या जागा ठरतात, पाचव्या दिवशी प्रेक्षकांसमोर चित्रण. गंभीर विषयाच्या भागात या खुणांचं मोल वाढतं. चुकीच्या जागी आलेला हशा पुढचं दुःखाचं वाक्य गिळून टाकतो, म्हणून चांगला विनोदही काढावा लागतो. लेखकाला तो काढताना जीव जड होतो, पण निदान काढायला वेळ असतो. दैनंदिन मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि पानं अनेकदा चित्रणाच्या सकाळी सेटवर येतात. तिथे काय वाचन आणि कसल्या खुणा!

‘द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर’ या सिटकॉमचा १९९४ मधला एक भाग बघा. विल त्यात मावशीच्या घरी राहतो. विलला लहानपणी सोडून गेलेला बाप परत येतो, मुलाला सोबत प्रवासाला नेतो म्हणतो आणि ऐनवेळी पुन्हा सटकतो. विल मावशीच्या नवऱ्यासमोर, अंकल फिलसमोर, उभा राहून आधी चेष्टाच करतो. त्याच्याशिवाय बास्केटबॉल शिकलो, गाडी शिकलो, दाढी करायला शिकलो. यादी वाढत जाते तसा आवाज चढतो आणि चेष्टेचा राग कधी झाला ते कळत नाही. शेवटी एकच प्रश्न उरतो: मी त्याला नको का आहे? अंकल फिल जवळ घेतात, आणि कॅमेरा बापासाठी आणलेल्या बाप-लेकाच्या पुतळ्यावर येऊन थांबतो. त्यानंतर विनोद नाही. चार वर्षं ज्याने घर हसवलं तोच इथे कोसळतो, म्हणून ते लागतं. पाहुणा आणून त्याला रडवलं असतं तर कुणी ओळही लक्षात ठेवली नसती.

इथलेही पुष्कळ जण नेमके त्यातच फसले. १९८०च्या दशकात ‘अतिविशेष भाग’ म्हणून एक प्रकार फोफावला. घरातल्या मुलाचा आजवर न दिसलेला मित्र व्यसनी निघतो, २२ मिनिटांत सुधारतो आणि पुन्हा कधीच दिसत नाही. घरातली माणसं अचानक निबंधासारखं बोलायला लागतात. आपल्याकडे १९८४च्या ‘हम लोग’मध्ये भाग संपला की अशोक कुमार येऊन चार शब्द सांगत. ती वेगळी सोय होती आणि प्रामाणिक होती. उपदेश निदान पात्रांच्या तोंडी कोंबला जात नव्हता.

मराठी दैनंदिन मालिकेचं दुखणं उलटं आहे. तिथे प्रश्न संपतच नाही. ट्रॅक, म्हणजे कथानकाचा धागा, चालला की ताणायचा, आणि ताण सोसवेना म्हणून हसवण्याचं काम वेगळ्या माणसाकडे. नायिका रडणार, मामा घसरून पडणार, मागे ‘टॉइंग’ वाजणार. रडणाऱ्याला हसता येत नाही आणि हसवणाऱ्याला दुःखच नाही. (परदेशातला मुलगा तर या विभागणीतही बसत नाही. तो बॅग ओढत येतो, वाडा विकायचं बोलतो आणि जातो.) ‘टिपरे’त हे नव्हतं. आबांचं म्हातारपण आणि आबांचा खट्याळपणा एकाच खुर्चीत बसलेले असायचे.

आता हाच परदेशातला मुलगा घ्या आणि एक प्रसंग बांधा. पुण्यात रात्रीचे साडेआठ, न्यू जर्सीत उन्हाळ्यातले सकाळचे अकरा. आईचा व्हिडिओ कॉल. बाबा इस्पितळात आहेत हे मुलाला कळू द्यायचं नाही, म्हणून सलाइनचा स्टँड दिसू नये असा फोन धरून ती बसलेली. हात दुखतो, फोन कलतो, मागे हिरवा पडदा दिसतो. मुलगा विचारतो, “पडदे बदललेस का गं?” आईला उत्तर सुचत नाही. खाटेवरून बाबांचाच आवाज येतो, “सेल लागला होता.” हशा. तेवढ्यात दारातून नर्स विचारते, “काका, सकाळपासून लघवी किती झाली?” मुलगा ऐकतो. कुणीच बोलत नाही.

विनोद आजारी माणसाने केला म्हणून चालला. शेजाऱ्याने केला असता तर क्रूर वाटला असता. ही शांतता साधारण सोळाव्या-सतराव्या मिनिटाला यावी, म्हणजे पुढे खोटं का बोललात आणि तू तरी काय करणार होतास, या भांडणाला चार मिनिटं मिळतात. दुसरं छोटं कथानक, समजा मुलाच्या घरी गळणारा नळ, त्याआधीच मिटलेलं असावं, नाहीतर ते मध्ये लुडबुडतं. शांतता मोडायची कुणी, हे पहिल्या वाचनाला सापडेलच असं नाही. आईने मोडली तर रडारड होते, मुलाने मोडली तर जाब विचारल्यासारखं होतं. दैनंदिन मालिकेत हे शोधायला सवड नसते. तिथे नर्सच्या वाक्यावर भाग संपेल, तीन कोनांतून मुलाचा चेहरा दिसेल, आणि शनिवारपर्यंत तो विमानातच असेल.

वाहिन्यांनी आठवड्यातल्या सहापैकी एक जागा साप्ताहिक मालिकेला द्यावी, वर्षाला २६ भाग मागावेत, आठ संहिता हातात आल्याशिवाय चित्रण सुरू करू नये. एवढं मागणं अवाजवी नाही. इथल्या स्ट्रीमिंगचं अनुकरण मात्र नको. आठ-दहा भागांत पात्रं ओळखीची होईपर्यंत सिझन संपतो, आणि वर्षभर घरात वावरलेला नसेल असा बाबा खाटेवरून सेलचं बोलला तर ते नुसतं वाक्य राहतं.