कुंडीला सेन्सर लावू नका रे बाबांनो

आमच्या सॉफ्टवेअर फिल्डमधल्या माणसाच्या हातात काहीही द्या, त्याच्या डोक्यात पहिलं येतं की हे ऑटोमेट कसं करायचं. खराडीतल्या एका मित्राने गॅलरीत कोथिंबीर लावली, मस्त, आणि पुढच्याच वीकेंडला मातीत ओलाव्याचा सेन्सर, ईएसपी३२ (वायफायवाली छोटी चिप), रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच), छोटा पंप आणि मोबाईलवर ग्राफ! आता तो स्वस्तातला सेन्सर गंजला (ते दोन पायवाले ओल्या मातीत गंजतातच, करंट जातो ना त्यातून), रीडिंग भलतंच यायला लागलं, आणि हा रात्री अकराला कुंडीचे लॉग, म्हणजे नोंदी, बघत बसलाय. अरे, हिंजवडीहून ट्रॅफिकमध्ये घामाघूम होऊन घरी येतोस ते काय अजून एक प्रॉडक्शन (चालू सिस्टीम) सांभाळायला?

माझं म्हणणं एवढंच, की पाणी घालायला उठावं लागतं हाच तर ब्रेक आहे. तेही पंपाने केलं तर उरलं काय, परत स्क्रीनच. बोट एक पेरभर मातीत खुपसा, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही, झालं. बिल्ड चालू असताना (कोडचा प्रोग्रॅम तयार होईपर्यंत थांबावं लागतं तेव्हा) मी हेच करतो, आणि पुदिन्याचा शेंडा खुडला की त्याचा वास बोटांना असा चिकटतो की परत कीबोर्डवर आलं तरी बराच वेळ जात नाही. कधीकधी अडलेल्या बगचं (कोडमधल्या चुकीचं) उत्तरसुद्धा तिथे उभ्या उभ्या सुचतं, पण तेवढ्यासाठी झाडं लावा म्हणणाऱ्या प्रॉडक्टिव्हिटीवाल्यांचा मला मनापासून कंटाळा आहे.

लावायचंच असेल तर किराणावाल्याकडचे धने चालतात, फक्त भाजलेले नकोत. लाटण्याने हलकेच रगडून त्याच्या दोन फाका करायच्या, कारण एका धन्यात दोन बिया असतात, आणि जिथे वाढवायची त्याच कुंडीत पेरायचे, कोथिंबिरीला उपटून दुसरीकडे लावलेलं सोसत नाही. आठ-दहा दिवस काहीच दिसत नाही, तेव्हा माती उकरून बघू नका! पुण्यात दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत झकास येते, एप्रिलच्या उन्हात लगेच फुलावर जाते, मग पानं बारीक होतात, तेव्हा हिरवे धने खुडून चटणीत टाका, भारी लागतात. पुदिन्याला तर बीही लागत नाही, जुडीतल्या जाड काड्या खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात ठेवल्या की आठवड्याभरात मुळं फुटतात.

आईचं म्हणणं वेगळंच, मंडईत जुडी मिळते की, एवढ्याशा कुंडीतून आमटीवर पेरायला तरी पुरते का? नाही पुरत, खरंय. पण पावसाळ्यात जुडीचे भाव चढले की तीच आधी गॅलरीत जाते.

मावा पडला तर पाण्याचा जोरात फवारा मारा, खायच्या पानांवर उगाच औषधं नकोत. पुदिना मात्र वेगळ्या कुंडीतच ठेवा, नाहीतर शेजाऱ्याला जगू देत नाही. आणि गवती चहा कोणाला हवा असेल तर कोथरूडला येऊन घेऊन जा, फार माजलाय.