सोनखत वेगळं, हे खडे वेगळे

‘युरोपनं सेंद्रिय शेतीत मैलापाण्याचं खत चालवून घेतलं, म्हणजे सेंद्रिय भाजीत शहराचा मैला आला. त्यात जड धातू, ते पाण्यात विरघळत नाही, वर परवडतही नाही,’ असा मजकूर गटागटांतून फिरतोय. परवानगी खरी आहे, जानेवारी २०२३ची. बाकीचं तपासून घेऊ.

मैला शेतात टाकला तर ते सोनखत. परवानगी त्याला मिळालेली नाही. मिळाली आहे ती स्ट्रुवाइटला, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांच्या स्फटिकाला. मुतखड्याचा एक प्रकार याच खनिजाचा असतो. बर्लिनच्या वासमान्सडोर्फ या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात ते आपसूक पाइपांत साचायचं आणि पाइप तुंबायचे. मग ते पाइपांत शिरण्याआधीच पाडायची सोय झाली. कुजवलेल्या गाळात हवा सोडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सामू (पीएच) वाढतो. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड घातलं की खडे तळाशी बसतात. ते धुऊन वाळवले की खत तयार. मिठागरातल्या मिठाला आपण समुद्राचं पाणी म्हणतो का? रोगजंतूंची शंका रास्त आहे, म्हणूनच युरोपच्या नियमांत साल्मोनेला आणि ई. कोलायच्या चाचण्या आहेत.

जड धातूंचं तर उलटंच आहे. स्फटिक घडताना बहुतेक धातू बाहेरच राहतात. कॅडमियमची धास्ती असेल तर खडकापासून बनवलेल्या फॉस्फेट खतांकडे बघा.

पाण्यात फारसं विरघळत नाही, हे खरं. पण मुळांतून पाझरणाऱ्या आम्लांत विरघळतं, म्हणून पहिल्या पावसात वाहून जात नाही. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत मात्र ते मंद चालेल; रोपाच्या सुरुवातीच्या जोमासाठी एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवू नये, असं माझंही मत आहे.

राहिला खर्च. नुसतं खत विकून सगळा खर्च निघेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. तुंबलेले पाइप साफ करण्याचा वाचलेला खर्च हिशेबात धरा. आणि फॉस्फेट खडकाचे जगातले सुमारे ७० टक्के साठे मोरोक्को आणि पश्चिम सहारात आहेत, हेही धरा. जर्मनीनं मोठ्या केंद्रांना गाळातला फॉस्फरस परत मिळवणं २०२९पासून सक्तीचं केलंय, ते याच काळजीपोटी. भारत तर फॉस्फेट खडक बहुतांशी बाहेरूनच आणतो, आणि खरिपाच्या तोंडावर डीएपी या फॉस्फेट खतासाठी रांगा आपल्याच तालुक्यांत लागतात.