उलटी उचल

मी पोलंडात राहून युरोपात ट्रक चालवतो, आणि गेल्या आठ-दहा दिवसांत मला गावाकडून सतरा मेसेज आले. सगळ्यांचा सूर एकच. "दादा, तिकडं ड्रायव्हरची लय टंचाई हाय म्हणं, आपलं कायतरी बघा की." दोघांनी तर थेट पासपोर्टचे फोटो पाठवले, जसं काही मी इथं व्हिसाचं दुकान टाकून बसलोय. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहितो. आज गाडी उभी आहे, ४५ तासांची सुट्टी चालू आहे, कंपनीच्या यार्डातल्या चार खाटांच्या खोलीत मी एकटाच आहे आणि कुकरला आमटी लावलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मी कराडजवळचा. सोळाव्या वर्षी क्लीनर म्हणून गाडीवर चढलो. आधी ऊस, मग वाळू (वाळूचं जास्त विचारू नका), मग मुंबई-बंगळूर लाइन. त्यानंतर सात वर्षं दुबईत ट्रेलर ओढला. पोलंडला आता तीन वर्षं झाली. शाळा आठवीपर्यंत. त्यामुळे खाली जे लिहितोय ते सीटवर बसून कळलेलं आहे.

टंचाई खरी आहे का? आहे. आयआरयू म्हणून रस्ते वाहतुकीची जागतिक संघटना आहे, तिच्या २०२४ च्या अहवालात एकट्या युरोपात ट्रक ड्रायव्हरच्या चार लाखांहून जास्त जागा रिकाम्या असल्याचं म्हटलंय. अहवाल नसता तरी कळलं असतं. रात्री कुठल्याही पार्किंगला उभं राहा, खाली उतरणारे गोरे ड्रायव्हर बघा. निम्मे माझ्या थोरल्या चुलत्याच्या वयाचे. त्यांची पोरं या धंद्यात येत नाहीत, कारण तीन-तीन आठवडे केबिनमध्ये झोपून, पार्किंगच्या नळावर भांडी घासून मिळणारा पगार त्यांना गावातल्या कारखान्यात घरी जेवून मिळतो. ती रिकामी जागा आधी युक्रेन-बेलारूसच्या लोकांनी भरली, मग उझबेक, ताजिक, जॉर्जियाचे आले, आता आपला नंबर.

पण जागा रिकामी आहे याचा अर्थ तुमचं लायसन तिथं चालतं असा होत नाही. एजंट नेमकं हेच गिळून टाकतो.

नीट सांगतो. आपल्या आरटीओचं हेवी लायसन आणि त्यावर काढलेला एक वर्षाचा आंतरराष्ट्रीय परवाना, एवढ्यावर युरोपात कुणी ट्रकवर नोकरी करू शकत नाही. तो परवाना फिरायला जाणाऱ्यांसाठी आहे. इथं राहायला लागलात की काही महिन्यांत, पोलंड-जर्मनीत सहा महिन्यांत, इथलं लायसन लागतं. तेही ट्रेलरचं, ज्याला इथं सीई म्हणतात. आपल्याकडं पंधरा वर्षं ट्रेलर ओढलेला माणूसही कागदावर बहुधा नुसता "हेवी" असतो. त्याच्यावर अजून एक भानगड: कोड ९५. लायसनच्या कार्डावर ९५ हा आकडा छापलेला नसेल तर पगारावर मालाची गाडी चालवता येत नाही. त्यासाठी कोर्स. पूर्ण केला तर २८० तासांचा, झटपट केला तर १४० तासांचा, वर परीक्षा. शिवाय दर पाच वर्षांनी ३५ तास पुन्हा वर्गात बसायचं. माझ्या वर्गात मास्तर पोलिश बोलणारा, दुभाषा रशियन बोलणारा आणि मी दोन्हीत ढ. शेजारी एक जॉर्जियन बसायचा, त्यानं हातवारे करून शिकवलं म्हणून पास झालो.

एवढं झाल्यावर चालकाचं प्रमाणपत्र. युरोपीय संघाबाहेरच्या ड्रायव्हरला एका देशातून दुसऱ्या देशात माल न्यायचा असेल तर तो कागद गाडीत ठेवावा लागतो. तो तुमच्या नावाचा असला तरी मालकी कंपनीची. नोकरी सोडली की परत द्यायचा. कामाचा परवानाही त्याच कंपनीच्या आणि त्याच कामाच्या नावावर. शेठ बदलायचा म्हटलं की सगळं पहिल्यापासून.

आता आमच्या पलीकडच्या गावातल्या एका पोराची गोष्ट. नाव-गाव सांगत नाही, त्याच्या आईला अजून खरं माहीत नाही. वय २६, गाडी चांगली हाणतो, मी स्वतः त्याला खंबाटकी घाटात बघितलंय. एका एजंटनं त्याला सांगितलं, पोलंड, महिना दोन लाख, राहणं फुकट. साडेपाच लाख घेतले. त्यातले दीड घरचे, बाकी चार लाख गावातल्या सावकाराकडून, शेकडा तीननं. म्हणजे महिन्याला १२,००० नुसतं व्याज, गाडीचं चाक फिरो न फिरो. इथं आल्यावर कंपनी म्हणाली, तुझ्याकडं कोड ९५ कुठं आहे? कोर्स तुझ्या खर्चानं कर, तोवर गोदामात पेट्या भर. परवाना ड्रायव्हरचा आणि काम हमालाचं, म्हणजे तेही बेकायदा. पोरगा कुणाला बोलला नाही. बोलणार कसा, परत पाठवलं तर साडेपाच लाख कुणाच्या बापाला मागायचे?

मला तेव्हा एकदम ऊसतोडीची टोळी आठवली. मी ऊस ओढायचो तेव्हा बीडकडच्या टोळ्या आमच्या भागात यायच्या. हंगामाआधी मुकादम कोयत्यामागे, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्यामागे, आगाऊ उचल द्यायचा आणि मग सहा महिने ते नवरा-बायको त्याला बांधलेले. ताप आला तरी कोयता, पोर रडलं तरी कोयता, कारण उचल फिटली नाही. आपण सगळे ते बघून हळहळायचो. पण मुकादम निदान आधी पैसे हातावर ठेवतो! इथं तर ड्रायव्हरच पैसे मोजतो आणि ड्रायव्हरच बांधला जातो. असली उलटी उचल मी जन्मात बघितली नव्हती.

याचा रस्त्यावर काय परिणाम होतो ते ऐका, कारण खरं दुखणं तिथं आहे.

इथला कायदा ड्रायव्हरच्या बाजूचा आहे, हे मी मनापासून सांगतो. साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायचंच. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १० चालतात. आठवड्याला ५६ च्या वर नाही आणि दोन आठवडे मिळून ९० च्या वर नाही. हे सगळं टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात तुमच्या कार्डावर नोंदलं जातं आणि पोलीस ते बाहेर काढून वाचतात. आठवड्याची ४५ तासांची पूर्ण सुट्टी केबिनमध्ये घ्यायलाही बंदी, कंपनीनं खोली द्यायची. मुंबई-बंगळूर लाइनला आम्ही डोळ्याला पाणी मारून छत्तीस तास हाणायचो, शेठ फोनवर फक्त "कुठं पोचला?" एवढंच विचारायचा. पहिल्यांदा टॅकोग्राफनं "थांब" म्हणून टुकटुक केलं तेव्हा मला खरंच गहिवरून आलं होतं. यंत्राला माझी काळजी!

(आपल्याकडं १ ऑक्टोबर २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. झाला ते बरंच झालं. मे महिन्यात नागपूरकडं इंजिनाच्या उबेवर बसून आमची अर्धी जिंदगी उकडून निघाली.)

पण कायदा वापरायला माणसाला "नाही" म्हणता आलं पाहिजे. मागच्या हिवाळ्यात मला डिस्पॅचरचा, म्हणजे ऑफिसात बसून गाड्यांना कामं देणाऱ्याचा, फोन आला. माझे तास संपत आलेले, बर्फ पडत होता, आणि हा म्हणतो अजून चाळीस किलोमीटर ओढ, गिऱ्हाईक वाट बघतंय. मी म्हटलं, नाही. गाडी लावली, पडदे ओढले, झोपलो. सकाळी तो चिडला, दोन दिवस धड बोलला नाही, संपलं. त्याच रात्री माझ्या शेजारी उभा असलेला आमच्याच कंपनीचा उझबेक ड्रायव्हर निघून गेला. तो माझ्याहून चांगला ड्रायव्हर आहे. पण त्यानं येताना कर्ज काढलंय. मला "नाही" म्हणता आलं कारण माझ्या डोक्यावर सावकार नव्हता. हिमतीचा भाग त्यात फार थोडा.

२०२३ साली जर्मनीत डार्मस्टाटजवळ ए-५ महामार्गावर ग्रेफेनहाउझेन नावाच्या थांब्यावर साठेक ट्रकवाल्यांनी गाड्या लावून टाकल्या. बहुतेक जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे, गाड्या एका पोलिश मालकाच्या. पगार थकलेले. मार्च संपताना बसले ते एप्रिल संपेपर्यंत हलले नाहीत. मधे गुड फ्रायडेला मालक चिलखती गाडी आणि भाडोत्री सुरक्षावाले घेऊन ट्रक काढून न्यायला आला, तर जर्मन पोलिसांनी त्यांनाच ताब्यात घेतलं. शेवटी तीन लाख युरोंहून जास्त थकबाकी मिळाल्यावरच पोरांनी चाव्या दिल्या. त्याच उन्हाळ्यात तिथंच दुसरा संप झाला आणि त्यात काहीजण उपोषणाला बसले. त्या थांब्यावर मी नंतर एकदा ४५ मिनिटं काढली. दिसायला साधा थांबा, संडास, कचऱ्याचे डबे, झाडं. मी कॉफी प्यायलो आणि विचार करत राहिलो की एवढी थकबाकी साचेपर्यंत ही माणसं गप्प का राहिली असतील. त्या प्रत्येकाचा हिशोब मला माहीत नाही, पण आमच्या त्या गोदामातल्या पोराचा माहीत आहे.

"मग दादा तुम्ही कसे गेलात?" हा पुढचा प्रश्न. मी दुबईतून आलो. तिथलं ट्रेलरचं लायसन होतं, सात वर्षांचा अनुभव होता. कंपनीचा माणूस दुबईला आला होता. रिकाम्या मैदानात त्यानं ट्रेलर उलटा घालायला लावला, एका हातानं सिगरेट ओढत बघत होता. तीनदा घालून दाखवल्यावर मान हलवली. व्हिसाची फी, कागदांची भाषांतरं आणि तिकीट मी भरलं, एजंटला एक रुपया नाही. कोड ९५ चा खर्च कंपनीनं केला आणि बदल्यात दोन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून घेतलं. म्हणजे मीही बांधलेलाच होतो, उगाच साळसूदपणा नको. पण दोन वर्षं कधी संपणार ती तारीख कागदावर होती. सावकाराच्या व्याजाला तारीख नसते.

पगाराचंही सांगून टाकतो, नाहीतर खाली कमेंटमध्ये तेच विचाराल. माझ्या हातात महिन्याला साधारण ८,००० झ्लॉटी (पोलंडचं चलन) पडतात, रुपयांत पावणेदोन ते दोन लाख, दर बदलेल तसे. पण करारात पक्का पगार म्हणून लिहिलेला असतो तो पोलंडच्या किमान वेतनाच्या आसपास, जे २०२५ साली कपातीआधी ४,६६६ झ्लॉटी होतं. बाकीचे पैसे रस्त्यावरच्या दिवसांचे. पाठ धरली, गाडी उभी राहिली, की ते बंद. गेल्या वर्षी बारा दिवस खाटेवर होतो, तो महिना घरी पैसे पाठवताना मी दोनदा कॅल्क्युलेटर दाबून बघितला. एजंट जो दोन लाखांचा आकडा सांगतो तो सगळ्यात चांगल्या महिन्याचा असतो.

आपल्या सरकारचा नियम काय म्हणतो तेही बघा. १९८३ च्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटची सरकारकडं नोंदणी लागते. तो तुमच्याकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेऊ शकतो, आणि पावती द्यावीच लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर आहे. नाव टाका, बघा. साडेपाच लाख आणि ३०,००० यांच्यातल्या फरकाला आपण गावात "सेटिंग" म्हणतो आणि वर त्याच माणसाला लग्नात पहिल्या रांगेत बसवतो. दहावी न झालेला पोरगा सौदीला निघाला तर सरकारची परवानगी तरी लागते, तिथं कुणीतरी कागद बघतो. पोलंड अशी परवानगी लागणाऱ्या देशांच्या यादीत नाही. विमानतळावर अडवून "बाळा, करार कुठंय?" असं विचारणारं कुणी नाही.

महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन यांच्यासोबत त्या यादीत ड्रायव्हरही आहेत. सरकारी गाडा कसा चालतो ते तुम्हाला माहीत आहे, मी त्याची जाहिरात करत नाही. पण त्यातली एक गोष्ट पटली: आधी भाषा शिकवायची, मग माणूस पाठवायचा. आपण उलटं करतो. मला पहिल्या वर्षी लोडिंगला गेल्यावर "मागं घे" आणि "मागं हो" यातला फरक कळत नव्हता. एका गोदामवाल्याचा पाय जाता जाता वाचला.

तर यायचं की नाही? या की. तुमच्याकडं आखातातलं ट्रेलरचं लायसन असेल, कंपनीशी सरळ बोलणं झालं असेल, कोड ९५ चा खर्च कोण भरणार हे लेखी असेल, तर जरूर या. थंडीची सवय होते, भाकरीचं पीठ जर्मनीत भारतीय दुकानात मिळतं, आणि इथं कुणी नाक्यावर शंभराची नोट मागत नाही. पण त्यासाठी रान गहाण टाकणार असाल तर माझ्याकडं शिफारस मागू नका. त्यापेक्षा दोन-तीन वर्षं आखातात काढा, लायसन कमवा, चार पैसे गाठीला बांधा, मग इकडं बघा. तिथंही सगळं गोड नाही, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

ज्या दोघांनी पासपोर्टचे फोटो पाठवलेत त्यांनी ते आधी डिलीट करा, कुणालाही असे पाठवत जाऊ नका. पासपोर्टऐवजी करारपत्र पाठवा. शनिवार-रविवारी गाडी उभी असली की मी वाचून सांगेन. पोलिश मला अजून पोट भरण्यापुरतंच येतं, पण पैसे कधी आणि कशाचे कापणार हे कुठल्या ओळीत लिहिलेलं असतं ते आता बरोबर सापडतं.